खाली पडलं ते चाकाचं

आज सकाळी गल्लीत नवीन राहायला आलेल्या साहेबांना मी गाडी पुसताना पाहिलं. आठ दिवसांची धूळ बसलेली गाडी, आणि हे महाशय लुंगी खोचून तिच्यावर कोरडं फडकं फिरवताहेत. खर्रर्र, खर्रर्र. माझ्या मशीनवरचं ब्लाउज तिथंच राहिलं. माणूस अनोळखी, गाडी त्याची, फडकं त्याचं, मग माझं काय जातं? पण माझं डोकं असं तडकलं की मी खिडकीतून ओरडलेच, "अहो, आधी पानी टाका! वाळूनं घासून राह्यले तुमी तिले!" साहेबांनी मान वर करून पाहिलं, हसले, आणि आणखी जोरात पुसायला लागले.

हा राग मला सिस्टरकडून मिळाला. त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं, धुवायला शिकवलं, आणि न मागता हा रागही देऊन गेल्या. आता तो अंगाला लागला तो लागला.

सिस्टर म्हणजे प्रमिला अंभोरे. शिरपूरकडच्या खेड्यापाड्यांत जन्मभर नर्सची नोकरी करून त्या वाशीमजवळच्या मालेगावात आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या. नवरा तरुणपणीच गेलेला, एकुलता एक मुलगा पुण्याला. बुटक्या, रुंद बांध्याच्या, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की आमच्या गल्लीत कोणाला वेगळा गजर लावावा लागत नसे. रिटायर झाल्यावर त्यांच्या वयाच्या बायका तीर्थाला जातात, सुनेला बांगड्या करतात. सिस्टरनी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. आरशाला पंचशीलाचा छोटासा झेंडा बांधला, डिक्कीत रबरी चादर, गोधडी, हातमोजे आणि उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवली. गल्लीतल्या पुरुषांना फार गंमत वाटली. "सिस्टर, आता फिरा आरामात!" असं कोणीतरी म्हणालं.

"फिराले नाई घेतली," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात कमी मरतात मानसं. रस्त्यानं जास्त मरतात. मी पाह्यलं."

रविवारी सकाळी, भिंतीवर ऊन चढायच्या आत, गाडी धुण्याचा कार्यक्रम असे. लोक बाहेरून सुरू करतात. सिस्टर आतून. पायपुसणी बाहेर काढून झटकायची, सीटच्या फटीत बोटं घालून खडे, चुरा, शेंगांची टरफलं काढायची, मग ओल्या फडक्यानं दारं, काचा, कड्या. "बाहेरून गाडी लोकायले दिसते. आतून पेशंटले," हे त्या दर रविवारी म्हणत, ऐकायला कोणी असो वा नसो. आतलं झालं की टपावरून नुसतं पाणी सोडायचं आणि फडक्याला हात लावायचा नाही. धूळ भिजून सुटू द्यायची. मग साबणाचं पाणी, वरून खाली, टपापासून दारापर्यंत. चाकं सगळ्यांत शेवटी, आणि चाकांची बकेट वेगळी. कपडे धुवायची पावडर कोणी गाडीला लावताना दिसलं की त्या गेटमधूनच विचारत, "भांडे घासून राह्यले काय गा?"

फडकी त्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या साड्यांची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या पांढऱ्या सुती साड्या त्यांनी स्वतः कापल्या, कडेला टिपा मी घालून दिल्या. त्या फडक्यांचा एक कायदा होता. धुताना फडकं हातातून निसटून जमिनीवर पडलं की ते पुन्हा गाडीच्या अंगाला लागायचं नाही. पिळलं, झटकलं, दहा पाण्यांतून काढलं तरी नाही. त्यात एखादा बारीक खडा अडकलेला असतो, तो ओरखडा पाडतो. ते थेट चाकांच्या बकेटीत जायचं. "खाली पडलं ते चाकाचं!"

हे वाक्य त्या माणसांनाही लावत. बायकोवर हात टाकणारा एक जावई सुधारला म्हणून गल्लीनं त्याला पंगतीत मानाच्या पाटावर बसवला, तेव्हा सिस्टरनी भर पंगतीत ते म्हटलं आणि पुढची पोळी वाढून घेतली. आमच्याकडं पोरासोरांनाही ते पाठ झालं होतं.

पाण्यावरून बायका कुरकुरत. आमच्या नळाला पाणी येतं ते आठवड्यानं, आणि ही बाई गाडी धुते! सिस्टरनी एकीला हाताला धरून अंगणात उभं केलं आणि दाखवलं, हे पाणी कर्दळींना जातं. मग म्हणाल्या, "तुहा नवरा दाढी करताना टाकीचा नळ चालू ठेवते ना, तेवढ्यात माही गाडी धुऊन होते. त्याले जाऊन बोल." ती बाई पुन्हा बोलली नाही. नवऱ्याला बोलली की नाही, देव जाणे.

गाडी मागायला लोक येत. एकदा एक मुलगा वरातीसाठी मागायला आला. फुलं लावू, नवरदेव बसवू, संध्याकाळी आणून देऊ.

"नवरदेव बिमार हाय काय?" सिस्टरनी विचारलं.

"नाई."

"मंग पायानं येऊ दे."

पण आजारी माणसासाठी कोणी दारात आलं, तर हातातला घास ताटात टाकून त्या चप्पल घालत. जात नाही, गाव नाही, ओळख नाही, काही विचारायचं नाही. अट एकच. ज्याच्यासाठी गाडी निघाली, त्या घरच्या हातानं ती धुवायची, आणि सिस्टरच्या समोर धुवायची. ज्या घरात मयत झालं त्या घराला मात्र त्या कधी बोलावत नसत. ती गाडी त्या स्वतः धूत, आणि त्या दिवशी ओरडत नसत.

आसेगावचा एक मजूर, त्याची मुलगी तापानं फणफणलेली. मालेगावात पाहुण्याकडं आला होता. सिस्टर तिला वाशीमला घेऊन गेल्या, मुलगी वाटेत गाडीभर ओकली. मुलगी बरी झाली. पुढच्या रविवारी तो माणूस दोन एस.टी. बदलून फक्त गाडी धुवायला मालेगावात आला. सिस्टरनी तोवर ओकारी काढून टाकली होती, पण धुणं त्याच्यासाठी ठेवलं होतं. सकाळभर त्याच्यावर ओरडल्या. "वरून! खालून कायले सुरू केलं? फडकं पिळ, मेलं काय ते?" तो हसत हसत धूत होता. मग त्याला जेवायला वाढलं, मुलीसाठी फ्रॉकचं कापड दिलं, ते मी शिवलं. जाताना तो पाया पडायला वाकला तर सिस्टर मागं सरकल्या. म्हणाल्या, "धुतली ना? मंग झालं. आता तुहं माह्याकडं काही राह्यलं नाई." तो माणूस ताठ मानेनं गेटबाहेर पडला. त्या अटीचं कारण मला त्या दिवशी कळलं. लोकांना उपकाराखाली वाकलेलं पाहणं सिस्टरना सहन होत नसे.

आता आमच्या माणसांकडं येते.

गल्लीच्या तोंडाशी मोठं घर आहे ते भास्कररावांचं. नात्यानं माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. शिरपूरकडं काळी जमीन, दारात जीप, घरात गडी. बोलणं गोड. सिस्टर रस्त्यानं दिसल्या की "काय सिस्टर, बरं हाय ना?" असं आधी तेच विचारायचे. पण सिस्टरनी गेटात उभं राहून "या, चहा घ्या" म्हटलं की भास्कररावांचा चहा आत्ताच झालेला असे. सकाळी म्हणा, दुपारी म्हणा, सणाला म्हणा, ह्या माणसाचा चहा वर्षानुवर्षं आत्ताच झालेला. सिस्टर हसत. मला मात्र तो न प्यालेला चहा घशाशी यायचा. भासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही अशी आमच्याकडं रीत आहे, आणि ही रीत कोणाच्या सोयीची आहे ते सांगायला नको.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी भास्करराव, त्यांचा मुलगा वैभव आणि जीप, तिन्ही शेतावर. भास्कररावांना बैलांचं भारी वेड. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळणार ते स्वतः, सकाळी नाल्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून बैल धुणार ते स्वतः. गड्याला हात लावू देत नसत. शेपटीचा गोंडा बोटांनी सोडवायचे, कानात बोट घालून मळ काढायचे. मी नवी नवरी असताना हे पाहून म्हटलंही होतं, किती मायाळू माणूस! हे मुद्दाम सांगते आहे. धुवायला ह्या माणसाचा हात वळत नव्हता असं कोणी म्हणू नये.

दुपारी त्यांच्या सुनेला, रेणूला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता, पुढच्या आठवड्यात ती माहेरी जाणार होती. शेतावर कोणी फोन उचलेना, बैलांच्या मागं वाजंत्री चालू असणार. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रेणूची सासू रडत माझ्याकडं आली, आणि मी भिंतीवरून नुसती हाक मारली.

सिस्टरनी गाडी काढली, रेणूला, तिच्या सासूला आणि मला आत घातलं. पण वाशीम गाठलं नाहीच. रस्त्यात एका पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यावी लागली. सासू नुसती रडत होती, तिला सिस्टरनी दरडावलं, "रडू नोका, पाय धरा तिचे!" मी साडीचा आडोसा धरून रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. रेणूनं मागच्या सीटवर मुलीला जन्म दिला. सिस्टरनी तिला उलटं धरून पाठीवर थापटलं, ती रडली, आणि सिस्टर तिच्यावरही ओरडल्या, "आत्ता रडते काय वं? इतक्या वेळ काय करून राह्यली होती?" मग गोधडीत गुंडाळून दोघींना दवाखान्यात पोचवलं. दोघी ठणठणीत.

संध्याकाळी भास्कररावांनी गल्लीभर पेढे वाटले. सिस्टरच्या गेटावरही आले, पेढ्यांचा पुडा वरून हातात दिला, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. आणि गाडी आत अंगणात उभी होती, दारं उघडी, सीट रक्तानं भिजलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी महादा बकेट घेऊन आला.

"महादा बाप्पा, तुह्या घरचं कोन होतं गाडीत?" सिस्टरनी विचारलं.

"कोनी नाई."

"मंग बस. चहा पे अन् जाय."

महादानं चहा प्याला आणि रिकामी बकेट घेऊन परत गेला. मग भास्करराव स्वतः आले आणि गेटाच्या बाहेर उभे राहिले. मी माझ्या ओसरीवर पदर घेऊन उभी, सगळं ऐकत.

"सिस्टर, गडी पाठवला होता मी."

"पाह्यला."

"चांगली धुतली असती त्यानं."

"पोळ्याले बैल कोनं धुतले?"

"मीच. दरवर्षी मीच धुतो."

"मंग?"

"आता बैलाची गोष्ट येगळी, सिस्टर. बैल घरचे असतात."

"अन् नात?"

भास्कररावांनी इकडंतिकडं पाहिलं. म्हणाले, "गाडी सर्व्हिसिंगले पाठवून देतो ना. चमकवून आनू."

"मले चमकवून नाई पाह्यजे. धुऊन पाह्यजे."

"म्हनजे मी तुमच्या दारात बकेट घेऊन बसाव?"

"आसेगावचा मानूस बसला होता. त्याचं काही झिजलं नाई."

भास्करराव गेले. हात लावायला काय आड येत होतं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. तोंडानं मात्र कोणी बोललं नाही, उलट बायकांत सुरू झालं, म्हातारी हट्टी आहे, मोठ्या माणसाला असं बोलू नये. ज्या हातांनी सुनेची नाळ कापली ते हात चालले, पण त्या हातांच्या अंगणात बकेट घेऊन बसायला ह्यांचा मान आड आला. त्या दिवशी मी रागानं भाजीत दोनदा मीठ टाकलं.

पण खरी अडचण सिस्टरची होती, आणि ती मी भिंतीवरून पाहत होते. त्या पुन्हा पुन्हा गेटापर्यंत जायच्या, रस्ता पाहायच्या, परत येऊन गाडीकडं बघायच्या. तशा घाण गाडीत पेशंट घालता येत नव्हता. कोणी दारात आलं असतं तर? मी फडकं घेऊन गेले तर ते हिसकावून घेतलं. "गाडी तुह्यासाठी निघाली होती काय? मंग हो बाजूले."

त्यानंतरच्या सकाळी वैभव आला. पोरीचा बाप. मला वाटलं, चला, पोराला तरी अक्कल आहे. बघते तर पाठीवर फवारणीचा पंप. शेतात सोयाबीनवर औषध मारतात तो. हात न लावता, लांबून, नळीनं गाडी धुवायची असा हिशेब घरात झाला असणार. सिस्टर आत होत्या. त्यानं उघड्या दारातून सरळ सीटवर फवारा सोडला. पंप धुतलेला होता म्हणे. कसला धुतलेला! क्षणात तो उग्र, डोक्यात जाणारा वास माझ्या ओसरीपर्यंत आला.

सिस्टर बाहेर आल्या त्या पळतच. त्यांनी त्याच्या हातातली नळी ओढून घेतली, आणि असं ओरडल्या की मला आजही ते शब्द जसेच्या तसे आठवतात.

"हे कायचं पानी हाय माईत हाय काय तुले? दर साली फवारनीच्या दिवसांत मी मानसं पाह्यले, तोंडाले फेस आलेले! जिथं तुही पोरगी जल्मली, तिथं तू जहर मारून राह्यला? हात लावाले लाज वाटते, अन् जहर माराले नाई वाटत?"

वैभव पांढराफटक पडला. वाईट पोरगा नव्हता तो. त्यानं पंप उतरवून गेटाबाहेर ठेवला, हात धुतले, आणि म्हणाला, "द्या मले फडकं." सिस्टरनी त्याला हातमोजे दिले, फडकं दिलं. तो दारात बसला, सीटच्या कडेपासून पुसायला लागला. सिस्टर पाणी घालत होत्या. मला वाटलं, मिटलं.

तेवढ्यात मोठ्या घराच्या ओट्यावरून आवाज आला. "वैभव! घरात ये."

वैभव थांबला. वर पाहिलं. पुन्हा हाक आली, ह्या वेळी फक्त नावाची. त्या पोराच्या हातातून फडकं गळून अंगणात पडलं, आणि तो खाली मान घालून उठून गेला. सिस्टरनी फडकं उचललं आणि चाकांच्या बकेटीत टाकलं.

मग त्या धुवायला बसल्या. नाकाला पदर बांधून, मोजे घालून त्यांनी सीट उचकटून बाहेर काढली. रक्ताला गार पाणी, गरम लागलं तर डाग बसतो. मग साबण, मग पाणी, पुन्हा साबण, औषधाचा वास जाईपर्यंत. दिवसभर. मला फक्त पाणी आणून देऊ दिलं. आणि दिवसभर त्या भास्कररावांना, त्यांच्या बैलांना, जीपला, पेढ्यांना शिव्या घालत होत्या, आणि त्या शिव्या सबंध गल्ली ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "तुमी काहून धुऊन राह्यल्या सिस्टर? त्यायच्याच हातानं धुवायची होती ना?"

"उद्या कोनी दारात आलं त्याले काय सांगू? थांब बाप्पा, मोठ्या घरचे अजून आले नाईत? माहा राग माह्यापाशी राहीन. गाडी पेशंटची हाय."

सीट बरेच दिवस उन्हात उभी होती, गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. भास्करराव तिच्याकडं न पाहता जायचे. राग मला आजही आहे, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

रेणूचा सव्वा महिना संपला. बाळंतीण त्या दिवशी देवळात जाते. रेणू हातात बकेट आणि काखेत पोर घेऊन गल्ली ओलांडून सिस्टरच्या गेटात आली.

"सिस्टर, गाडी माह्यासाठी निघाली होती."

"धुतली मी."

"तुमी धुतली. माही बाकी हाय."

सिस्टर एकदम भडकल्या. "लख्ख धुतलेली गाडी पुन्हा धुते? बाळंतीन बाई, थंड पान्यात हात घालते? घरचे मानसं काय मेले काय?" पण हे बोलता बोलताच त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, पोर मांडीवर घेतली, मला चुलीवर पाणी तापवायला पिटाळलं, आणि सुरू झाल्या. "आतून! आधी आतून! सीटच्या फटीत बोट घाल. आता टपावर पानी सोड. फडक्याले हात नोको लावू अजून! भिजू दे!" मांडीवरची पोर त्या आवाजात गाढ झोपली होती. ओट्यावर भास्करराव पेपर उघडून बसले होते, पान उलटत नव्हते. रेणूनं गाडी वरून खाली धुतली, चाकं शेवटी धुतली, आणि ओल्या हातांनी सिस्टरच्या अंगणात, सगळ्या गल्लीसमोर, चहा प्यायली. कप मी दिला.

मागच्या वर्षी सिस्टरच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेनं पडदा खराब झाला, गाडी चालवणं बंद. मुलगा पुण्याला न्यायला हटून बसला. तोवर रेणूच्या घरात तिचं थोडं थोडं चालू लागलं होतं, पण भास्कररावांनी गाडीला हात लावला नाही तो नाहीच. आणि गल्लीनं सिस्टरचा सत्कार ठरवला, तर अध्यक्ष कोण? भास्करराव! मांडव त्यांच्याच दारात. त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, सिस्टर म्हणजे आमच्या घरच्याच, त्यांचे उपकार आम्ही सात जन्म विसरणार नाही. मी बायकांच्या रांगेत बसले होते. माझे कान तापले, पायातली चप्पल चावायला लागली, शेजारणीनं माझा हात दाबून धरला.

मग शाल. भास्कररावांनी ती सिस्टरच्या खांद्यावर लांबूनच टाकली, बोटं लागणार नाहीत अशी. लांबून टाकलेली शाल कुठं टिकते? ती घसरली आणि सतरंजीच्या बाहेर मातीत पडली. भास्करराव घाईघाईनं वाकले.

"राहू द्या, भाऊसाहेब," सिस्टर म्हणाल्या. माइक त्यांच्या तोंडाजवळच होता. "खाली पडलं ते चाकाचं."

मग सगळ्यांत मागून महादा गडी खदखदून हसला, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही. भास्करराव हातात शाल घेऊन तसेच उभे. सिस्टरनी नारळ तेवढा उचलला, म्हणाल्या, "हा चटनीले होईन," आणि खाली उतरल्या.

जायच्या दिवशी मी गाडी काढली. सिस्टर मागच्या सीटवर, पिशव्यांमध्ये. रेणू पोरीला घेऊन माझ्या शेजारी. वाशीमपर्यंत सिस्टर माझ्या चालवण्यावर बोलत होत्या. पुलाशी आलो तेव्हा गप्प बसल्या, पूल गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

स्टँडवर पुण्याची बस लागलेली होती. मी पिशव्या बसमध्ये चढवल्या. सिस्टर गाडीतून उतरल्या आणि बसकडं जायचं सोडून माघारी वळल्या. पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून ओलं फडकं, युनिफॉर्मच्या साडीचं, मी टीप घातलेलं. मागचं दार उघडून वाकल्या आणि सीट पुसायला लागल्या. जिथं बसल्या होत्या ती जागा, मग दाराची कडी, मग डोकं टेकलं होतं ती काच. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. काचेचा एक कोपरा राहत होता, त्या पुन्हा पुन्हा त्याच्या बाजूनंच हात फिरवत होत्या. मी पाहत होते, रेणू पाहत होती. कंडक्टरनं शिट्टी मारली.

"सिस्टर, बस सुटते," रेणू म्हणाली. "ठेवा ते. आमी घरी गेल्यावर धुतो ना."

"आज गाडी कोनासाठी निघाली होती?"

पुन्हा शिट्टी झाली, लांब, आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. सिस्टर सीटवरून डोकं न काढता, आमच्या गल्लीत ऐकू गेला असता अशा आवाजात ओरडल्या, "शिट्टी कायले मारून राह्यला रे बाप्पा? दिसत नाई काय, गाडी धुऊन राह्यली मी!"